झाडलेली पुंगळी काय सांगते

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. शेजारच्या मिशिगनमध्ये तो १५ नोव्हेंबरला सुरू होतो, वार कोणताही असो. पण त्याची तयारी उन्हाळ्यातच चालू असते. कित्येक घरांच्या तळघरात किंवा गॅरेजमध्ये कुणीतरी मागच्या वर्षीच्या रिकाम्या पुंगळ्या घेऊन बसलेलं असतं. त्या साफ करायच्या, साच्यातून काढून मापात आणायच्या, मागे नवी टोपी बसवायची, आत तोलून दारू घालायची आणि तोंडाशी नवी गोळी दाबायची. या उद्योगाला तिथे हँडलोडिंग म्हणतात. पैसे वाचतात, बाजारात न मिळणाऱ्या जुन्या मापाची काडतुसं घरी बनतात, आणि आपल्या एका रायफलीला मानवेल असं काडतूस जुळवता येतं. तिसऱ्या कारणाचंच वेड सगळ्यात मोठं.

आपल्याकडे हे करता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना खिशात आहे म्हणून घरी काडतूस भरता येत नाही. अमेरिकेत गेलेल्या मराठी मंडळींनीही एक लक्षात ठेवावं. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना तिथला संघराज्याचा कायदा साधारणपणे बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगू देत नाही. शिकारीचा वैध परवाना हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. तेव्हा मित्राच्या गॅरेजमध्ये हात घालण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं.

मग हा विषय कशाला? कारण काडतूस बिघडलं की ते का बिघडलं हे शोधणं हा धातुशास्त्राचा सुरेख धडा आहे. आणि त्यातलं एक प्रकरण थेट हिंदुस्थानातल्या पावसाळ्यात घडलेलं आहे.

काडतुसात चार वस्तू: पितळी पुंगळी, तिच्या बुडात टोपी, आत दारू, पुढे गोळी. चाप ओढला की सुई टोपीवर आदळते, टोपीतली ठिणगी दारूला लागते, दारूचा वायू होतो आणि गोळी नळीत ढकलली जाते. दारू इथे एकदम फुटत नाही, फार वेगाने जळते, आणि पुढचं सगळं या जळण्याच्या वेगावर अवलंबून आहे. .३०-०६ स्प्रिंगफील्ड हे १९०६ साली अमेरिकन लष्कराने घेतलेलं आणि आजही शिकाऱ्यांचं लाडकं काडतूस. त्याला अमेरिकेतल्या दारूगोळा उत्पादकांच्या मानक संस्थेने ठरवून दिलेली दाबाची कमाल मर्यादा आहे दर चौरस इंचाला ६०,००० पौंड, म्हणजे हवेच्या दाबाच्या चार हजार पट. हा दाब सेकंदाच्या हजाराव्या भागात चढतो आणि उतरतो.

या सगळ्यात पुंगळीचं काम काय? नुसतं डबीचं नाही. दाब चढताच ती फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे वायू मागे, नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते, म्हणून बाहेर निघते. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त यांचं पितळ हे दोन्ही करू शकतं: ताणलं जातं आणि थोडं परतही येतं. चौघांपैकी दोन वस्तू बार उडताच संपतात किंवा निघून जातात. मागे राहते ती पुंगळी, आणि तिच्या बुडात बसलेली ठेचलेली टोपी. काय घडलं याचा पुरावा तेवढाच.

घरी बसून काडतुसातला दाब मोजायची सोय बहुतेकांकडे नसते. म्हणून पुंगळीवरच्या खुणा वाचायच्या. टोपीच्या गोल कडा सपाट झाल्या आहेत का, सुईच्या खड्ड्याभोवती कडं उठलंय का, पुंगळीच्या बुडावर बोल्टमधल्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यातल्या) खाचेचा चकचकीत ठसा उमटलाय का, बोल्ट उचलताना जोर लागला का, नवी टोपी बसवताना तिचं घर सैल लागलं का. यातल्या शेवटच्या तीन खुणा दिसल्या तर तिथेच थांबायचं. त्यांचा अर्थ असा, की पुंगळीच्या बुडाचं जाड पितळ वाहायला लागलं आहे, आणि ते थोड्याथोडक्या दाबाने वाहत नाही.

हीच तर गोम आहे. पितळ उशिरा बोलतं. .३०-०६ सारख्या काडतुसात बोल्ट अडकायला लागला, म्हणजे मर्यादा बहुधा आधीच ओलांडलेली असते. आणि जुन्या, कमी दाबाच्या रायफलीत तर हा पुरावा जवळजवळ निरुपयोगी. .३०-३० विंचेस्टरची मर्यादा ४२,००० पौंड. पितळ मात्र तेच, टोपीही तीच. ते पितळ पन्नास हजारांवरही तक्रार करणार नाही, पण रायफल तेवढ्यासाठी बांधलेली नाही. ‘खुणा दिसेपर्यंत दारू वाढवत जायची’ ही सवय अशा बंदुकीला कधीच लावू नये. खरं तर कोणत्याही बंदुकीला लावू नये. दारू बनवणारे प्रयोगशाळेत दाब मोजून तक्ते छापतात. तक्त्यातल्या कमी आकड्यापासून सुरुवात करायची आणि वरचा आकडा हीच वेस.

त्यात काही खुणा चक्क खोटं बोलतात. टोपी सपाट दिसली की नवशिका घाबरतो: दाब वाढला! पण दाब नेहमीचा असूनही टोपी सपाट होते, जर पुंगळी चेंबरमध्ये सैल बसत असेल तर. बार उडताना टोपी आधी मागे सरकते, मग पुंगळीचं बूड मागे येऊन तिच्यावर आदळतं आणि ती चेपली जाते. दारू फारच कमी असेल तर पुंगळी मागे येतच नाही, आणि टोपी बाहेर डोकावत राहते. सुईभोवतीचं कडंही कधी कधी बोल्टमधलं सुईचं भोक मोठं असल्यामुळे उठतं. कारखान्याचं काडतूस झाडून त्यावरही तसंच कडं आलं तर दोष बंदुकीचा. एका खुणेवर निकाल देऊ नये.

खुणांपेक्षा भरवशाचं एक साधन आता स्वस्तात मिळतं, गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ. हिशेब सरळ आहे. तीच दारू, तीच गोळी आणि तेवढ्याच लांबीची नळी असताना तक्त्यापेक्षा वेग बराच जास्त येत असेल, तर तो फुकट मिळालेला नाही, दाबातून आलेला आहे. ‘माझी रायफलच फास्ट आहे’ असं कौतुकाने सांगणारे भेटतात. नळ्यानळ्यांत थोडा फरक असतो हे खरं, पण मोठा फरक दिसला तर कौतुक बाजूला ठेवून आधी तराजू तपासावा.

तराजूवर माप ग्रेनमध्ये असतं. पौंडाचे ७,००० ग्रेन, म्हणजे एका ग्रॅमचे जवळपास साडेपंधरा. एवढ्या बारीक मापात पंख्याचा वारासुद्धा काटा हलवतो.

तराजू बरोबर असूनही दाब का वाढतो, याची कारणं मात्र बरीच आहेत. सगळ्यात घातक कारण म्हणजे दारूची अदलाबदल. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी २० मिलिमीटर तोफगोळ्यांची शिल्लक राहिलेली ४८३१ नंबरची दारू शिकाऱ्यांना विकायला काढली. पुढे आयएमआर या नावाखाली त्याच नंबरची दुसरी दारू बाजारात आली. नंबर एक, पण आयएमआरची दारू जरा वेगाने जळते. एकीचा तक्ता दुसरीला लावला की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. म्हणून जाणती माणसं टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवतात, आणि काम संपल्यावर मापातली उरलेली दारू लगेच त्याच डब्यात परत ओततात. मापात रात्रभर राहिलेली दारू सकाळी अनोळखी होते.

ऋतूचाही परिणाम होतो. काही दारवा उन्हात जास्त जोराने जळतात. गारठ्यात तक्त्याच्या वरच्या टोकाला नेऊन ठेवलेलं भरण (दारू आणि गोळीची ठरवलेली जोडणी) पुढच्या ऑगस्टमध्ये गाडीच्या तापलेल्या डॅशबोर्डवर पडून राहिलं, तर मर्यादा सहज ओलांडेल. शिवाय पुंगळी दरवेळी मानेकडे थोडी लांबत जाते. वेळेवर कापली नाही, तर तिचं तोंड चेंबरच्या टोकाला टेकतं आणि गोळीला चिमटा बसतो. गोळी सुटायला अडखळली की मागे दाब साठतो. .३०-०६ च्या पुंगळीची कमाल लांबी २.४९४ इंच, झाडून झालेली प्रत्येक पुंगळी कॅलिपरने मोजायची ती यासाठी. गोळी इतकी पुढे बसवली की ती नळीतल्या पिळाच्या खाचांना आधीच टेकते, तरी हेच घडतं.

अलीकडे यात नवी भर पडली आहे ती तांब्याच्या गोळ्यांची. शिशाच्या गोळीचे तुकडे मेलेल्या जनावरात राहतात, ते खाऊन कॅलिफोर्नियातली कॉंडोर गिधाडं विषबाधेने मरत होती. तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. शिकारी तांब्याकडे वळले, आणि अनेकांनी वजन तेच म्हणून भरणही तेच ठेवलं. पण शिशाची घनता ११.३, तांब्याची ९ पेक्षा किंचित कमी. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. ती पुंगळीत खोलवर जाते आणि दारूची जागा खाते, किंवा पुढे सरकून पिळाच्या खाचांना भिडते. तांबं शिशाइतकं मऊही नाही, त्यामुळे नळीत शिरताना ते वेगळा विरोध करतं. शिशाच्या गोळीसाठी जुळवलेलं भरण तांब्याच्या गोळीला लावलं तर दाब वाढणार, नेम बिघडणार आणि मग दोष तांब्याच्या माथी मारला जाणार. तांब्याच्या गोळ्यांबद्दलच्या निम्म्या कुरकुरी इथून निघतात असा माझा अंदाज आहे. गोळी बदलली की तक्ता बदलायचा आणि पुन्हा खालून सुरुवात करायची. तांब्याची गोळी पिळाच्या खाचांपासून जरा जास्त मागे ठेवली की बऱ्याचदा नेम आपोआप सुधारतो.

आता दुसरा बिघाड, ज्याला दाबाशी देणंघेणं नाही. दारू बेताची असते, टोपी छान गोल असते, आणि चौथ्या-पाचव्या वेळी पुंगळी आडवी तुटते. बूड बाहेर येतं, बाकीची पुंगळी चेंबरमध्ये राहते. हे घडतं ते साच्यात केलेल्या आगाऊपणामुळे. बहुतेक शिकारी काडतुसं चेंबरमध्ये खांद्यावर टेकतात, म्हणजे जिथे पुंगळी मानेकडे निमुळती होते तिथे. साच्यातून काढताना हा खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला, तर चेंबरमध्ये पुंगळीला खेळायला जागा मिळते. सुई तिला पुढे ढकलते, दाबाने तिचा पुढचा पातळ भाग भिंतीला चिकटतो, आणि जाड बूड मात्र मागे बोल्टपर्यंत जातं. ताण पडतो तो बुडाच्या किंचित वर. दर खेपेला तिथलं पितळ थोडं पातळ होतं, शेवटी तुटतं.

याची पूर्वसूचना मिळते. बाहेरून त्या जागी फिकट, चमकदार वळं दिसतं. खात्री करायला कागदाची क्लिप सरळ करून तिचं टोक किंचित वाकवायचं आणि पुंगळीच्या आतून खालून वर ओढायचं. खाच लागली तर पुंगळी भंगारात. वळं दिसतंय पण खाच लागत नाही, तर ते नुसतं साच्याचं ओरखडणं असू शकतं. मूळ उपाय सोपा आहे. साचा प्रेसमध्ये (पुंगळी साच्यात दाबणाऱ्या यंत्रात) थेट पुंगळी धरणाऱ्या कडीला भिडेपर्यंत फिरवायचा, ही डब्यावरची सूचना सगळ्या रायफलींना चालावी म्हणून दिलेली असते. आपल्या एका बोल्ट-रायफलीसाठी खांदा ०.००२ इंच मागे गेला तरी पुरतो. तो मोजायचं गेज फार महाग नाही. .३०० विंचेस्टर मॅग्नमसारखी बुडाशी पट्टा असलेली काडतुसं या दुखण्याला जास्त बळी पडतात, कारण माणसं पट्ट्यावर विसंबून खांद्याकडे बघतच नाहीत.

मानेचं तडकणं ही तिसरी गोष्ट. तार पुन्हापुन्हा वाकवली की कडक होऊन तुटते, तसं मानेचं पितळ दर खेपेला फुगून आणि आवळून कडक होतं आणि एक दिवस उभी चीर जाते. धोका फारसा नाही, पुंगळी टाकून द्यायची. काहीजण मान आणि खांदा तापवून पुन्हा मऊ करतात. बुडाला मात्र उष्णता पोचता कामा नये. मऊ पडलेलं बूड दाब पेलत नाही.

पण न वापरलेल्या, नव्या कोऱ्या काडतुसांच्या मानेलाही चिरा जातात, आणि त्यांचं कोडं सुटलं ते इंग्रजी अमलातल्या हिंदुस्थानामुळे. फौजेची काडतुसं पावसाळ्याचे महिने तबेल्यांत ठेवलेली असत. कोरडे दिवस येऊन बाहेर काढली की पितळाला चिरा. वाळलेल्या लाकडाला जाव्यात तशा दिसायच्या, म्हणून त्याला ऋतूचं तडकणं म्हणायला लागले. दोष पितळाचा की हवेचा, कुणाला कळेना. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया दमट हवेत पितळाला लागत होता आणि तांब्याशी संयोग पावत होता. पुंगळी ओढून घडवताना धातूत जो ताण उरलेला असतो, तो अशा ठिकाणी चीर उघडत होता. नुसता अमोनिया किंवा नुसता ताण एवढं करू शकत नाही. दोन्ही एकत्र आले की पितळ उभं फाटतं. उपाय निघाला तो घडवून झाल्यावर पुंगळी बेताची तापवून ताण काढण्याचा. लष्करी काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते, ती या तापवण्याची.

तबेले गेले, अमोनिया गेला नाही. पितळ चमकवायच्या काही पॉलिशांत तो असतो. पुंगळ्या आरशासारख्या लखलखीत करायच्या हौसेने तसलं पॉलिश वापरणारा शंभर वर्षांपूर्वीचं दुखणं घरी आणतो. पुंगळी चकाकली नाही म्हणून नेम चुकत नाही.

काडतूस चेंबरमध्ये शिरतच नाही, ही तक्रार त्या मानाने साधी. पुंगळीला काळ्या मार्करने रंगवायचं, हलकेच आत घालायचं आणि बाहेर काढून रंग कुठे घासला ते बघायचं. खांद्यावर घासला तर साचा कमी बसला, मानेच्या टोकाला घासला तर पुंगळी लांब, गोळीवर ओरखडे आले तर गोळी फार पुढे. साच्यात वंगण जास्त झालं की खांद्यावर पोचा येतो, कमी झालं की पुंगळी साच्यात अडकून बसते. तो पोचा पुढच्या बारात आपोआप निघतो. अडकलेल्या पुंगळीसाठी मात्र वेगळं हत्यार विकत घ्यावं लागतं. हंगामाला निघण्याआधी प्रत्येक काडतूस एकदा रायफलीतून फिरवून बघायचं, सुरक्षित जागी आणि नळी सुरक्षित दिशेला धरून.

बार न उडणं हे वेगळं. सुई आपटली, काही झालं नाही, तर नळी समोर सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबायचं. टोपी कधी कधी उशिरा पेटते. पहिल्या ठोक्याला न उडालेलं काडतूस दुसऱ्या ठोक्याला उडत असेल, तर टोपी बहुधा पूर्ण बसलेली नव्हती. पहिल्या ठोक्याने ती बसली, दुसऱ्याने पेटली. नीट बसलेली टोपी पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आत असते आणि ते बोटाला कळतं. या सगळ्यात भयंकर म्हणजे फुसका बार: आवाज दबका, धक्का नाही. अशा वेळी गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी गोळी झाडली तर नळी फुटते. बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसेपर्यंत पुढचं काडतूस हातात घ्यायचं नाही.

आणि नेम? इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. नेम बिघडला की माणूस दारू बदलतो, गोळी बदलतो, टोपी बदलतो, तेही एकाच वेळी. मग सुधारलं तरी कशामुळे ते कळत नाही. आधी दुर्बिणीचे आणि दस्त्याचे स्क्रू तपासावेत, नळीत साचलेलं तांबं घासून काढावं, मग काडतुसाकडे वळावं, आणि तिथेही एका खेपेला एकच गोष्ट बदलावी. तीन गोळ्या एकमेकींना चिकटून लागल्या म्हणून भरण जमलं असं होत नाही. तीनात नशिबाचा वाटा मोठा असतो. तेच काडतूस दुसऱ्या दिवशी दुप्पट पसरतं. दहा गोळ्या झाडल्यावर जे दिसतं ते खरं. शंभर यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, त्या इंच-दीड इंचात आल्या तर शिकारीला पुष्कळ झालं. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग जवळजवळ वीतभर असतो.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्य जिंकणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे ज्या प्रकारात खेळतो, तिथे हा छंद चालतच नाही. तिथल्या .२२ काडतुसात पेटणारं मिश्रण पुंगळीच्या काठात असतं आणि एकदा ठेचला की तो काठ संपला. म्हणून त्या पातळीवरचे नेमबाज उलट्या बाजूने जातात: कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपांची काडतुसं आपल्या नळीतून झाडून बघतात आणि जी मानवेल ती खेप साठवतात. नळी आणि काडतूस यांची जोडी जमवायची ही खटपट मात्र दोन्हीकडे सारखी.

एखाद्या भरणात दोष सापडला, तर त्या खेपेची सगळी काडतुसं सोडवायची. त्यासाठी हातोडीच्या आकाराचं प्लास्टिकचं हत्यार मिळतं; काडतूस त्यात उलटं धरून आपटलं की गोळी आणि दारू बाहेर पडते. गोळी पुन्हा वापरता येते, पुंगळी तपासून वापरता येते. दारू कोणत्या डब्यातली हे लिहून ठेवलेलं नसेल, तर ती कोणत्याच डब्यात परत जात नाही. म्हणून प्रत्येक पेटीवर दारूचं नाव आणि खेप, वजन, गोळी, टोपी, पुंगळीची कितवी वेळ आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी हवी.